काशीनाथभाऊंनी न वाचलेलं प्रकरण

पालमच्या बसस्टँडसमोर काशीनाथभाऊंचं दुकान होतं. पाटीवर 'शालेय साहित्य, पोथ्या, स्टेशनरी' एवढंच. कादंबऱ्यांचं त्यात नावसुद्धा नव्हतं. पुढच्या बाजूला गाईडं, कंपासपेट्या, लग्नपत्रिकांचे नमुने. मागचा छिटाचा पडदा सारून आत गेलं, की लोखंडी मांडणीवर डांबरगोळ्यांच्या वासात कादंबऱ्या उभ्या. त्या पडद्याआड जाणारी माणसं गावात थोडकीच, आणि त्यांत सुमंगलाबाई एक.

सुमंगलाबाईंकडे पाहून कुणाला खरं वाटलं नसतं. पहाटे तुळशीला पाणी, देवापुढं निरांजन, आणि पोथीचा अध्याय झाल्याशिवाय तोंडात घोट नाही. बोलणं इतकं हळू, की बाजारात भाजीवाली 'काय म्हणल्या?' असं दोनदा विचारायची. पण दुपारची भांडी आवरून त्या भिंतीला टेकल्या आणि कादंबरी उघडली, की मग दारात कोण आलं, कोण गेलं, कशाचा पत्ता नाही.

"पूजेत असताना कुणी हाक मारली तर ओ देतीस," त्यांचे यजमान आदिनाथराव म्हणायचे, "अन् हितं मगापासून कुकर बोंबलायलाय, ते न्हाई ऐकू येत?"

आदिनाथराव शाळेत मास्तर होते, आता निवृत्त. बाहेरून आले की दारातच तांब्याभर पाणी प्यायचे, उपरण्यानं ओठ पुसायचे आणि रिकामा तांब्या उंबऱ्याजवळ उपडा घालायचे. घरात उपडं भांडं असू नये म्हणून सुमंगलाबाई तो रोज सुलटा करून ठेवायच्या. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. ना त्यांची सवय गेली, ना ह्यांची.

काशीनाथभाऊंची तऱ्हाही वेगळीच. दुकानात आलेली प्रत्येक कादंबरी ते आधी स्वतः वाचत, पण शेवटचं प्रकरण सोडून. त्या प्रकरणाभोवती पांढरा दोरा गुंडाळून गाठ मारत. गिऱ्हाईक आलं, की त्याच्यासमोर दोरा तोडून पुस्तक हातात देत.

"शेवट ठाऊक असला की माझ्या तोंडावर दिसतोय, ताई," ते म्हणत. "गिऱ्हाईक पुस्तकाच्या आधी मलाच वाचून घेतंय. मग त्याला काय गोडी?"

"मग तुमी वाचणार कधी, भाऊ?"

"दुकान बंद केल्यावर. सगळ्या शेवटांचा इंतजाम करून ठेवलाय म्हातारपणाला. रोज एक सोडायचा."

पुस्तक वाचून झाल्यावर सुमंगलाबाई गप्पा मारायला येत, तेव्हा भाऊ आधीच हात वर करत. "शेवटाचं काही बोलायचं न्हाई बरं का! त्याच्या अलीकडंपर्यंत या." दोघांचं बोलणं शेवटाच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबायचं. माहेरी कुणी नसलेल्या सुमंगलाबाईंना तो पडदा सारून आत जाणं म्हणजे माहेरी गेल्यासारखंच होतं. भाऊबीजेला त्या काशीनाथभाऊंना ओवाळत, आणि ओवाळणीत कादंबरी मिळे. दोरा तोडून.

त्या वर्षी ज्येष्ठात आदिनाथरावांच्या छातीत कळ आली. परभणीला दवाखान्यात नेलं. काचेच्या दारापलीकडं त्यांना नळ्या लावलेल्या, आणि अलीकडं सुमंगलाबाई बाकावर. त्यांनी डोळे मिटले आणि पोखर्णीच्या नरसिंहाला हात जोडले. चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण. सुमंगलाबाईंना वांग्याची कधी ओढ नव्हती. देवाला द्यायचं तर जिवाजवळचं द्यावं. 'यांना घरी येऊ दे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत मी कादंबरीचं एक अक्षर वाचणार नाही.'

आदिनाथराव घरी आले. आषाढीला सुमंगलाबाईंनी कपाटातल्या कादंबऱ्यांवर धुतलेलं लुगडं पांघरलं आणि कडी लावली.

"बाकीच्या बाया नवऱ्यापायी वांगं सोडतात," आदिनाथराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "हिनं कादंबऱ्या सोडल्या. माझा भाव लय वाढला बघा!" मग एकटं असताना हळूच म्हणाले, "असा माझा जीव पुस्तकात अडकवून ठेवू नको गं. कुठं पान उलटलं म्हणजे?"

"असं अभद्र बोलू न्हाई," त्या म्हणाल्या. पण ते बोलणं त्यांच्या मनात रुतून बसलं.

काशीनाथभाऊंना नेम सांगितला, तेव्हा ते हसले नाहीत. उठले, छिटाचा पडदा नीट ओढून घेतला आणि म्हणाले, "कार्तिकीला उघडू. जे सोडलं त्याचंच दान करावं लागतंय उद्यापनाला, ध्यानात हाय ना? एखादी चांगली कादंबरी काढून ठेवतो."

पण भादव्यात त्यांनाच झटका आला. डावं अंग गेलं. दवाखान्यातून आणलं ते दुकानामागच्या खोलीत, खाटेवर. जीभ जड झाली तरी बोलणं कळत होतं, मात्र पुस्तक समोर धरलं की अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागत. माणूस आतून खचला. जेवण सुटलं होतंच, मग पाणीही नको म्हणू लागले. चमचा पुढं आला की तोंड भिंतीकडं.

पार्वतीवहिनी, त्यांची बायको, सुमंगलाबाईंच्या घरी आल्या, त्या दारातच बसल्या.

"बाई, तुमीच चला. डाक्टर म्हणतो पाणी पाजा. ह्ये दात आवळून पडलेत. म्या म्हणलं, काय पायजे ते तरी सांगा! तर म्हणतेत, निळं पुस्तक. आता मला काय कळतंय निळं न् पिवळं?"

सुमंगलाबाईंना कळलं. निळ्या कव्हराची ती पाणाड्याची कादंबरी. जमिनीखालचं पाणी दाखवणारा एक माणूस, त्यात हातखंडा असलेला. सासुरवाडीच्या शेतात तो जागा दाखवतो, सासरा होतं नव्हतं ते घालून विहीर खोदतो आणि विहीर कोरडी निघते. पाणाड्या शरमेनं घर सोडतो. गावोगाव हिंडतो, दुसऱ्यांना पाणी दाखवतो. इकडं त्याची बायको रोज तिन्हीसांजेला उंबऱ्यावर तांब्याभर पाणी भरून ठेवते. तो येतो का, एवढंच शेवटच्या प्रकरणात उरलेलं.

खाटेपाशी गेल्यावर भाऊंनी उजवा हात हलवला. उशाशी ते पुस्तक होतं, शेवटावर दोरा तसाच.

"ताई," ते अडखळत म्हणाले, "बाकीचे शेवट ऱ्हाऊ द्या. सगळे काय व्हायचे न्हाईत आता. हा एक तेवढा..."

सुमंगलाबाईंचा हात पुस्तकाकडं गेला आणि तिथंच थांबला. कार्तिकीला अजून किती अवकाश होता. डोळ्यांपुढं काचेचं दार आलं, त्यामागच्या नळ्या आल्या. त्यांनी हात मागं घेतला. काशीनाथभाऊंनी ते पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "नेम हाय तुमचा. विसरलोच."

ते रागानं म्हणाले असते तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सुमंगलाबाईंनी सुनेला नेलं. निकिता शिकलेली, बोलायला चुणचुणीत. सुमंगलाबाई स्वतः बाहेर ओट्यावर कानांत बोटं घालून बसल्या, कारण ऐकणं म्हणजेही वाचणंच की. थोड्या वेळानं निकिता बाहेर आली, चेहरा पाडून.

"एका पानातच थांबवलं मला," ती म्हणाली. "म्हणले, बाळा, तू बातम्या छान देशील."

आतून भाऊंचा आवाज आला. "ताई, तुमी तर वाचलंय पूर्वी. सांगा की नुसतं. सांगायला पुस्तक कशाला उघडायला लागतंय?"

सुमंगलाबाईंनी ती रात्र विचारात काढली. वाचणार नाही, असं त्या देवाला म्हणाल्या होत्या. सांगणार नाही, असं म्हणाल्या नव्हत्या. सकाळी त्यांनी आदिनाथरावांना विचारलं, "सांगितलं तर चालंल का हो?"

"ते तुझं तू अन् तुझा देव बघा," ते म्हणाले. "जाताना माझ्या गोळ्या तेवढ्या काढून ठेव."

पोथीचा अध्याय झाल्यावर त्या गेल्या. सोबत पदराच्या गाठीत अक्षता. श्रावणात कहाणी सांगताना ऐकणाऱ्याच्या हातात अक्षता देतात आणि कहाणी पुरी होईपर्यंत मूठ सोडत नाहीत, तशा त्यांनी थोड्या काशीनाथभाऊंच्या उजव्या मुठीत दिल्या, थोड्या आपल्या मुठीत धरल्या.

"अर्ध्यात झोपायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "अन् हुंकार द्यायचा, भाऊ. ऐकणारा नसला तर कहाणी फळत न्हाई."

"हं," काशीनाथभाऊ म्हणाले.

निळं पुस्तक उशाशी मिटलेलं होतं. सुमंगलाबाईंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती कादंबरी त्यांनी एकदाच वाचली होती, पोरगं लहान असताना. तेव्हा आदिनाथराव जिंतूरच्या शाळेवर होते आणि शनिवारच्या बसनं घरी येत. पण शेवट त्यांना काल वाचल्यासारखा आठवत होता. तिन्हीसांज झाली. बायकोनं उंबऱ्यावर तांब्या ठेवला. गावाबाहेरच्या लिंबाखाली एक माणूस येऊन उभा राहिला.

"हं."

किती गावांना पाणी दाखवलं, पण या एका दारात तोंड दाखवायची हिंमत नव्हती. मग तो एक पाऊल पुढं आला. मग दुसरं. कुत्रं भुंकलं नाही, ओळखीचा वास आला त्याला.

"हं," भाऊंचा आवाज वर चढला होता. दाराशी पार्वतीवहिनी परात हातात घेऊन थिजल्यासारख्या उभ्या होत्या.

"उंबऱ्याशी आला. आत चूल पेटलेली. ती पाठमोरी बसलेली. त्यानं तांब्या उचलला."

"प्याला का?" काशीनाथभाऊ मध्येच म्हणाले. "ताई, पाणी प्याला का त्यो?"

"प्याला, भाऊ. गटागटा प्याला. उपरण्यानं ओठ पुसले, अन् रिकामा तांब्या उंबऱ्याजवळ उपडा घातला. त्या आवाजानं ती वळली. काही विचारलं न्हाई तिनं. नुसता तांब्या सुलटा करून ठेवला."

भाऊंच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं उतरत होतं.

"मला वाटलं हुतं, लेखक त्याला परत पाठवणार," ते म्हणाले. "सगळं पुस्तकभर तसा रंग हुता त्याचा. चुकला माझा अंदाज. बरं झालं, चुकला." मग अक्षतांची मूठ उघडून त्यांनी त्या निळ्या पुस्तकावर वाहिल्या आणि पार्वतीवहिनींकडं पाहिलं. "पाणी दे."

वहिनी चमचा घेऊन धावल्या. भाऊंनी चमचा बाजूला सारला. उजव्या हातात फुलपात्र धरलं आणि स्वतःच्या हातानं पाणी प्याले. अर्धं छातीवर सांडलं, पण प्याले.

त्यानंतर ते थोडं थोडं खाऊ-पिऊ लागले. खाटेवर उशी टेकून बसवलं तर बसत. दसरा झाला, घरोघर सोनं वाटून झालं, आणि मग एका सकाळी झोपेतच गेले. आदिनाथराव नदीवर जाऊन आले, बाहेरच अंघोळ केली आणि दारात बसून राहिले. सुमंगलाबाईंनी त्या वर्षी भाऊबीजेचा दिवा चंद्राला ओवाळला.

कार्तिकी आली. एकादशीचा उपास झाला, द्वादशीला पारणं झालं. हात पुसून सुमंगलाबाईंनी कपाटाची कडी काढली, लुगडं बाजूला केलं. दान कुठलं करायचं हे ठरलेलंच होतं. आपल्याकडची निळ्या कव्हराची प्रत काढून त्या भिंतीला टेकल्या. द्यायच्या आधी शेवटचं प्रकरण एकदा वाचावं, भाऊंच्या नावानं, असं मनात आलं.

तिन्हीसांज होती. तांब्या होता. लिंबाखाली माणूस होता. सुमंगलाबाई वाचत गेल्या, आणि एका ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं. पाणाड्या लिंबाखालून उंबऱ्यावरचा तांब्या पाहतो. पाहत राहतो. आणि अंधार पडायच्या आत आल्या वाटेनं परत जातो. सकाळी बायको तांब्यातलं शिळं पाणी तुळशीला घालते आणि संध्याकाळसाठी तांब्या घासायला घेते. तिथं पुस्तक संपलं होतं.

त्यांनी पान उलटलं. मागं कोरा कागद. मधलं पान गळालंय का पाहिलं. नाही, आकडे सरळ होते. दुसऱ्यांदा वाचलं. पाणी तसंच तांब्यात होतं.

मग हे कुठून आलं? ते गटागटा पिणं, ते उपरणं?

एवढ्यात फाटक वाजलं. आदिनाथराव बाजारातून आले होते. उंबऱ्याशी उभं राहून त्यांनी तांब्या तोंडाला लावला, पाणी प्याले, ओठ पुसले आणि तांब्या उपडा घातला. फरशीवर तो खणकन वाजला.

सुमंगलाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. तो जिंतूरचा शनिवार होता. वाट पाहून पाहून डोळे दुखलेले, मांडीवर हीच कादंबरी, आणि दारात हा आवाज. पाणाड्याला त्यांनी लिंबाखालून आपल्या घरी आणलं होतं, नवऱ्याचं उपरणं त्याच्या खांद्यावर टाकलं होतं, आणि इतकी वर्षं त्यांना ते कळलंही नव्हतं.

"काय झालं?" आदिनाथराव म्हणाले. "रडायला काय झालं? नेम तर पुरा झाला."

"नेम पुरा झाला," त्या म्हणाल्या. "पण मी भाऊंना खोटा शेवट सांगितला हो. पुस्तक उशाशी होतं. एकदा उघडलं असतं तर..."

आदिनाथरावांनी सगळं ऐकून घेतलं. एरवी त्यांनी काहीतरी थट्टा केली असती. आज नाही केली. खाली वाकले, उपडा तांब्या उचलला आणि स्वतःच्या हातानं सुलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुस्तक आणि अक्षता घेऊन सुमंगलाबाई दुकानात गेल्या. पार्वतीवहिनी गल्ल्यावर बसल्या होत्या. गिऱ्हाईक गेल्यावर त्या दोघी पडद्याआड गेल्या. भाऊंचं स्टूल तिथंच होतं, त्यावर त्यांचा चष्मा. मांडणीवर पुस्तकं तशीच, एकेकाच्या कमरेला दोरा बांधलेला.

सुमंगलाबाईंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. वहिनी ऐकत होत्या.

"मंजी त्यो पाणी प्यालाच न्हाई?"

"न्हाई, वहिनी."

"पुस्तकातल्या माणसाचं मला ठावं न्हाई," पार्वतीवहिनी सावकाश म्हणाल्या. "पर आमचा माणूस प्याला. माझ्या डोळ्यादेखत. दिवाळीपतूर न्हाई पोचला, पर तहानेला न्हाई गेला. मग ह्यात तुमी खोटं काय केलं?"

"भाऊंनी सगळा जन्म शेवट न वाचता राखला. अन् मी त्यांना माझ्या घरातला दिला. त्यांचा अंदाज बरोबर होता, वहिनी. लेखकाला त्यांनी अचूक ओळखलं होतं, अन् मी म्हणलं, तुमी चुकलात. कहाणी चुकली तर पुन्हा सांगावी लागते. मी वाचते. तुमी ऐका त्यांच्या बदली."

पार्वतीवहिनींनी मूठ पुढं केली. सुमंगलाबाईंनी अक्षता दिल्या. स्टुलासमोर दोघी खाली बसल्या आणि सुमंगलाबाईंनी शेवटचं प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचलं, जसं छापलं होतं तसं. लिंबाखालचा माणूस वळला तिथंही त्या थांबल्या नाहीत. शिळं पाणी तुळशीला गेलं, तांब्या राखेनं घासला गेला, आणि पुस्तक मिटलं.

पार्वतीवहिनींनी मूठ उघडली नाही.

"लय वंगाळ हाय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "पर बाई, ती तांब्या घासती ना परत? कोण येतंय म्हणून घासती?"

"रोजचं असतं ते तिचं."

"तेच म्हणते म्या. आपलंबी तसंच. सकाळी दुकान उघडलं की म्या पयलं ह्ये स्टूल पुसते."

सुमंगलाबाईंनी पुस्तक दोन्ही हातांनी पुढं धरलं. "माझ्या उद्यापनाचं दान हे. घ्या."

वहिनींनी पुस्तक घेतलं, उलटंपालटं केलं, वजन पाहिल्यासारखं हातात तोललं आणि परत त्यांच्याच मांडीवर ठेवलं.

"दान घेतलं म्या. आता माझंच हाय न्हवं? मग माझं मला वाचून दाखवा. ह्या पुस्तकांत माझा संसार गेला, बाई, पर एक कधी उघडलं न्हाई. एकाचे दोन दोन शेवट ऐकले, अन् त्या बिचाऱ्याची इहीर कशी कोरडी निघाली ते ठावं न्हाई मला. पयल्यापासनं वाचा."

"आत्ता? गल्ल्यावर कुणी न्हाई."

"कुणी आलं तर हाक मारील."

सुमंगलाबाईंनी आपल्या चष्म्याची काच पदरानं पुसली. शेवटच्या प्रकरणाची पानं एकत्र केली आणि मांडणीवर पडलेल्या रिळातला पांढरा दोरा त्यांच्याभोवती गुंडाळून गाठ मारली. मग पहिलं पान उघडलं. पाणाड्या लहान होता, बापाचं बोट धरून उन्हातून चालला होता, आणि त्याच्या तळपायाला जमीन एका जागी गार लागली.

"हं," पार्वतीवहिनी म्हणाल्या. मूठ अजून मिटलेलीच होती.